व्हर्नियर कंपनीत, अक्कल दुकानात

‘सर, साठ हजारांत चांगला होम थिएटर कुठला घेऊ?’ हा तुझा प्रश्न. हॉल केवढा आहे विचारलं, तर उत्तर काय? ‘असेल की, टूबीएचकेचा असतो तेवढा.’

असेल की? चाकणला क्वालिटीत आहेस ना तू? उद्या सप्लायरनं इन्स्पेक्शन रिपोर्टवर ‘बोअर असेल की, नेहमीएवढा’ असं लिहून पाठवलं तर काय करशील? अख्खा लॉट परत धाडशील. वर चार ओळींचा झणझणीत मेल, त्याच्या साहेबाला कॉपीत ठेवून. कंपनीत तुला दोन शतांश मिलिमीटरचा फरक खपत नाही आणि घरी सोळा फुटांची भिंत दिसत नाही. व्हर्नियर कंपनीत ठेवून येतोस ते बरोबरच आहे, तो कंपनीचा आहे. डोकं कशाला ठेवून येतोस? ते तर तुझं आहे.

वर्गात ज्यांना खरंच कळत नव्हतं त्यांना मी चार-चार वेळा समजावलं, आवाज न चढवता. तुला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तुला सगळं कळतं. कळतं पण वळत नाही. म्हणून आज गप्प बसून ऐक.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमध्ये एक सेट आणलास. पाच स्पीकर, एक सबवूफर, रिसीव्हर. वर्षभरात जाहीर केलंस, ‘बेकार निघाला.’ आता पगाराचा करार झालाय, फरकाची रक्कम हातात आलीय, ती खिशात चावायला लागलीय. दुसरा आणायचा. बरं, पहिला बेकार का निघाला? लाइनवर एक पार्ट रिजेक्ट झाला तर फाइव्ह व्हायचा तक्ता भरून घेतोस पोरांकडून. घरी चाळीस हजारांचा माल रिजेक्ट केलास आणि एकही ‘का’ विचारला नाहीस? कारण उत्तर तुझ्याकडे बोट दाखवेल. ते तुला आधीच माहीत आहे.

‘रिसर्च चालू आहे सर.’ हो, बघतोय ना मी. दीड वर्ष चालू आहे. कुरुळी फाट्याला कंपनीची बस अडकली की तुझा रिसर्च सुरू. कुणाच्या तरी परदेशातल्या लाकडी तळघरात, गालिच्यावर, अमुक स्पीकर कसा वाजतो हे तुला तोंडपाठ. मोशीतल्या तुझ्या हॉलमध्ये, चार काँक्रीटच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, बाल्कनीला भलामोठा काचेचा दरवाजा, अशा जागी तोच स्पीकर कसा वाजेल? त्याचा पत्ता नाही. रिव्ह्यू बसल्या जागी बघता येतो. मोजायला उठावं लागतं. घोडं तिथं पेंड खातंय.

हॉलच्या मधोमध उभा राहून एकदा टाळी वाजवली आहेस? वाजव. टाळीमागे जो झिणझिणाट उरतो ना, तोच तुझ्या प्रत्येक डायलॉगवर चढून बसलाय. जाड पडदा आणि खाली एक सतरंजी, एवढ्यानं त्यातला बराच जाईल. पण पडद्यावर वॉरंटी कार्ड मिळत नाही, म्हणून तुला त्याचं मोल नाही.

पडदा-सतरंजीनं वरचा आवाज आवरतो. खालचा आवरत नाही. तिथं गणित करावं लागतं, आणि ते तू दहावीत केलेलं आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या बरोबर दुप्पट लांबीची लाट त्या भिंतींमध्ये सापडते आणि मागे-पुढे आपटत तिथंच ठाण मांडते. तुझा हॉल तू मोजला नाहीस, म्हणून मी सोळा बाय दहा धरतो, उंची सव्वानऊ फूट. सोळा फुटांना ३५ हर्ट्झ. दहा फुटांना ५६. सव्वानऊला ६१. बघ नीट. ५६ आणि ६१, शेजारी शेजारी. रुंदी आणि उंची जवळपास सारखी, म्हणून दोघी एकाच पट्ट्यात मिळून दंगा घालणार. स्फोट झाला की घुम्म. ट्रक गेला की घुम्म. तबल्याचा डग्गा वाजला की तोही घुम्म. सबवूफर दहा हजारांचा आण नाहीतर लाखाचा, खोली तीच बोंब मारणार. आणि तू म्हणणार, कंपनी फालतू. नाचता येईना, अंगण वाकडं.

गाडीच्या केबिनमध्ये बूमिंग आहे अशी तक्रार आली की तुमच्याकडे काय धावपळ उडते, ते तूच मला सांगितलंयस. केबिन म्हणजेही खोलीच. घरच्या खोलीला वेगळं फिजिक्स आहे का?

आणि तू राहतोस कुठल्या पट्ट्यात, याचं तरी भान ठेव. जेबीएल, हरमन कार्डन ही नावं घेताना तुझा चेहरा असा होतो, जशी काही ती सातासमुद्रापलीकडून यायची आहेत. त्या हरमनचा कारखाना तुझ्या चाकणला आहे. गाड्यांमधली इन्फोटेनमेंटची यंत्रणा तिथं बनते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या २०२४ च्या नोव्हेंबरात आल्या, त्याही चाकणलाच बनतात. वरच्या मॉडेलांत हरमन कार्डनचे १६ स्पीकर, डॉल्बी ॲटमॉससकट. त्या सोळा स्पीकरांच्या जागा कुणी ठरवल्या? दुकानदारानं? काच कुठं येते, सीट कुठं येते, ड्रायव्हरचं डोकं कुठल्या उंचीला असतं, कुठल्या स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडायचा, हे सगळं बघून त्या ठरतात. स्पीकर सोळा आहेत म्हणून गाडी चांगली वाजत नाही. जागच्या जागी बसवलेत म्हणून वाजते. हे तू रोज बघतोस, आणि संध्याकाळी घरी येऊन मागचे दोन स्पीकर छताच्या कोपऱ्यात सीसीटीव्हीसारखे टांगतोस. तिथून ते कुणावर नजर ठेवणार आहेत?

आपल्याकडे गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आहे, १९६६ पासून. शेजारून जाणाऱ्या गाडीचा आवाज मोजायचा तर मायक्रोफोन मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर. सात नाही, आठ नाही. कारण अंतर बदललं की आवाज बदलतो. इतकं साधं आहे. तुझा डावा स्पीकर टीव्हीला चिकटून, उजवा फ्रिजच्या पलीकडे. विचारलं तर म्हणे, तिकडे प्लग होता.

नीट ऐक आता. तू टीव्हीपासून आठ फुटांवर बसत असशील तर पुढच्या दोन स्पीकरांमध्येही साधारण आठच फूट हवेत. तू आणि ते दोघं मिळून समभुज त्रिकोण. नववीची भूमिती, याला डिग्री लागत नाही. स्पीकरचं तोंड कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास येतो. सराउंडचे दोन तुझ्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या किंचित मागे, समोरची दिशा शून्य धरली तर १०० ते १२० अंशांत. कानापेक्षा थोडे वर चालतील. छताला नाही. आणि सोफा मागच्या भिंतीपासून सोडव. भिंतीशी त्या सगळ्या लाटांचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि तू डोकं नेमकं तिथं टेकवून बसतोस. फूट-दीड फूट पुढे घे. ‘मग हॉल छोटा दिसतो सर.’ दिसू दे की! हॉलमध्ये पाहुण्यांसाठी जागा मोकळी ठेवायची आहे की पिक्चर ऐकायचा आहे, ते आधी ठरव.

७.१ घेऊ का, हाही तुझा प्रश्न होता. त्यातले दोन जास्तीचे स्पीकर तुझ्या मागे लागतात. तुझ्या मागे काय आहे? भिंत. भिंतीत पुरणार का त्यांना? दहा फूट खोलीच्या हॉलमध्ये ५.१ नीट बसलं तरी खूप झालं. ॲटमॉसचे वर तोंड करून आवाज छतावर आपटणारे स्पीकर मिळतात, त्यांना सपाट, मोकळं छत लागतं. तुझ्याकडे पीओपीच्या तीन पायऱ्या, मध्ये गोल नक्षी आणि नक्षीच्या मध्ये पंखा. तो आवाज छतावरून तुझ्या कानात येणार की पंख्याच्या पात्यात गुरफटणार, तूच सांग.

‘भाड्याचं घर होतं सर तेव्हा, मालक ड्रिल करू देत नव्हता.’ बरं. स्टँडला ड्रिल लागतं? भोसरीत गल्लोगल्ली फॅब्रिकेशनवाले बसलेत. चौकोनी पाइप, खाली जाड प्लेट, वर छोटी प्लेट. ड्रॉइंग तू स्वतः काढून दिलं असतंस, दोन दिवसांत माल दारात. आता तर घर स्वतःचं आहे. आता कोण अडवतंय? ‘बायकोला वायरी दिसलेल्या आवडत नाहीत.’ मग केसिंग पट्टी लाव भिंतीच्या कडेनं. ती बिचारी वायरींवर नाही चिडत, तीन वर्षं पायात येणाऱ्या वायरींवर चिडते.

वायरीवरून आठवलं. ‘ऑक्सिजन-फ्री’ वायरीचे मीटरला किती पैसे सांगितले तुला? आणि तू मान डोलावलीस? तांब्याची साधी दीड चौरस मिलिमीटरची वायर घे. पाच मीटरचं अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. रोध साधारण ०.११५ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. दीड टक्कासुद्धा नाही. मागच्या स्पीकरांचा रस्ता लांब पडतो, तिथं अडीचची घाल. झालं. ओहमचा नियम मी तुला फळ्यासमोर उभं करून पाठ करून घेतला होता, तो वायरीच्या दुकानात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलास का?

मग तो फोटो, जो तू मला रात्री अकराला पाठवलास. ‘५००० वॅट पीएमपीओ’, पिवळ्या चकतीत. अरे, डबा उलटा करून मागची पट्टी वाच. तिथं वीज किती खाते ते छापलेलं असतं. समज, ८० वॅट. आत ८० शिरतात आणि बाहेर ५००० पडतात? असं मशीन खरंच असतं तर महावितरणनं पहिलं उचललं असतं. आरएमएस किती ते विचार. आठ ओहमवर किती, किती चॅनेल एकाच वेळी चालू असताना किती. दुकानदार गडबडला तर समज, आपण बरोबर प्रश्न विचारला.

आणि वॅटची एवढी हाव कशाला? ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा साधा स्पीकर धर. एक वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबल. तू अडीच मीटरवर बसतोस, आठ डेसिबल वाटेत गेले समज. उरले ८०. एका वॅटला! दहा वॅटला ९०. शंभरला १००. वॅट दुप्पट केले की हाती लागतात फक्त तीन डेसिबल. पिक्चर बघताना बहुतेक वेळ तुझा ॲम्प्लिफायर एक-दोन वॅटवर चालतो. वरचे वॅट अचानक येणाऱ्या दणक्यासाठी राखून ठेवायचे असतात, पिवळ्या चकतीत मिरवायला नाही.

‘पण दुकानात फार भारी वाजत होता सर.’ वाजणारच. पिंपरी कॅम्पात जा, तापकीर गल्लीत जा, डेमोला तेच हेलिकॉप्टर आणि तोच काचा फुटण्याचा सीन. तू हेलिकॉप्टर विकत घेतोयस का? जो स्पीकर थोडा मोठ्यानं वाजतो तो कानाला जास्त चांगला वाटतो, आवाज कमी केला की खालचे सूर आधी हरवतात. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलं. त्याला नव्वद वर्षं उलटून गेली, आणि तू अजून त्याच खड्ड्यात पडतोस. तुझा रोजचा पिक्चर पेन ड्राइव्हवर ने. एक माणसांच्या बोलण्याचा सीन, एक ‘तुंबाड’मधला पाऊस. दोन्ही स्पीकर सारख्या आवाजावर लावायला सांग. पाऊस तुझ्या चहूबाजूंनी पडतोय की चार पत्र्यांवर पडतोय, एवढं ऐकायला ‘सोन्याचे कान’ लागत नाहीत. दोन मिनिटं तोंड बंद ठेवावं लागतं.

कानावरून मुद्द्याचं सांगतो, आणि हे तुला लागेल. लागू दे. तुझी आई तुला म्हणाली, ‘बाळा, मालिकेतलं बोलणं कळत नाही.’ तू काय म्हणालास? ‘आईचं आता वय झालं.’ वय झालं? बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तो मधला स्पीकर तू टीव्ही युनिटच्या खालच्या खणात कोंबलायस, पुढे देवीचा फोटो आणि रिमोटची टोपली. तोंड त्याचं तुझ्या गुडघ्यांकडे. त्या खणातून बोलणं बाहेर येतंच कसं, याचं मला आश्चर्य वाटतं. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढ, खाली रबराचा तुकडा देऊन तोंड वर कर, पुढची टोपली उचल. मग आईला विचार. आईचे कान ठणठणीत आहेत. तिनं दोष अचूक पकडला होता. तू रिपोर्टच वाचला नाहीस.

आता तुझ्या जुन्या सेटची सर्वांत मोठी चेष्टा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा, डिजिटल आवाजाच्या खाली बघ काय आहे. ‘पीसीएम’? असणारच. आणि टीव्ही ते रिसीव्हर जोडलंय एचडीएमआयच्या साध्या एआरसीनं. म्हणजे टीव्ही पुढे फक्त दोन चॅनेल पाठवतोय. तीन वर्षं तू पाच स्पीकरांतून दोनच चॅनेल ऐकलेस आणि लोकांना सांगितलंस, ५.१ मध्ये काही दम नाही. तिथं ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ कर. ओटीटीवरचा ५.१ आवाज डॉल्बीत दाबून येतो, तो एआरसीतून आरामात जातो. पूर्ण, न दाबलेला बहुचॅनेल आवाज पाठवायचा तर ईएआरसी लागतं, तेही दोन्हीकडे, टीव्हीला आणि रिसीव्हरला. तुझा गेमचा कन्सोल नेमका तो न दाबलेला आवाज बाहेर सोडतो. टीव्हीतून साध्या एआरसीवर तो मागे आला की पुन्हा दोनच चॅनेल. कन्सोलमध्ये आवाज डॉल्बीवर टाक, नाहीतर कन्सोल सरळ रिसीव्हरला जोड. एक सेटिंग. एक! हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका कुठं आहे? पिशवीतच ना? मशीनचं मॅन्युअल न वाचता मशीन चालू करणाऱ्या पोराला तू लाइनवरून बाजूला काढलं होतंस, मला आठवतं.

त्याच पिशवीत एक छोटा मायक्रोफोन आहे. लांब वायरीचा. तो कशासाठी दिला असेल असं तुला वाटलं, गाणी म्हणायला? तो तुझ्या कानाच्या जागी ठेवायचा, रिसीव्हरला जोडायचा, घरात सगळ्यांना गप्प बसवायचं. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून सूर सोडतो, कुठला किती लांब, कुठला किती जोरात, ते स्वतः मोजतो आणि दुरुस्त करतो. मागचा स्पीकर कानापासून चार फुटांवर आणि पुढचा आठ फुटांवर असेल तर मागचा साडेतीन मिलिसेकंद आधी बोलतो. ते अंतर तो भरून काढतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तुझ्या कंपनीत कॅलिब्रेशनचा स्टिकर नसलेलं गेज कुणी हातात धरलं तर तू काय करतोस? मग हे अख्खं यंत्र तीन वर्षं विनाकॅलिब्रेशन कसं चालवलंस? ऑडिट आलं नाही म्हणून?

सबवूफरची जागाही अशीच शोधायची. त्याला उचलून सोफ्यावर ठेव, तू बसतोस तिथं. खालच्या सुरांचं ओळखीचं गाणं लाव. मग जमिनीवर रांगत भिंतीकडेनं फिर. जिथं बास स्वच्छ, एकसारखा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. हसू नकोस. मशीनखाली झोपून ऑइलची गळती शोधताना तुझी इज्जत जात नाही, मग स्वतःच्या हॉलमध्ये रांगताना कशी जाईल?

गेमबद्दल तुझी वेगळी रड आहे. ‘मागून येणारा ऐकूच येत नाही सर, पिंग खराब आहे.’ पिंग नाही, पोझिशन खराब आहे. त्यातून तू ब्लूटूथचा स्पीकर लावून खेळतोस. साठ फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. साधं ब्लूटूथ दीडशे ते दोनशे मिलिसेकंद सहज खातं. म्हणजे गोळी सुटल्यावर नऊ ते बारा फ्रेमनी तुला ‘ठो’ ऐकू येतो. तोवर तू मेलेला. आणि १२० हर्ट्झचा टीव्ही घेतलायस तर कन्सोल रिसीव्हरमधून नेताना त्याची कुठली खाच एचडीएमआय २.१ ची आहे ते बघून घे. बऱ्याच रिसीव्हरांत सगळ्या नसतात.

खरं सांगू? तुझा निम्मा गेम रात्री अकरानंतर चालतो. त्याला स्पीकर हवेतच कशाला? पावलांची दिशा कळायला एक बरा वायरचा हेडफोन पुरतो. माणसाला देवानं दोनच कान दिलेत, दिशा त्या दोघांतल्या फरकावरून कळते. ‘७.१ गेमिंग हेडफोन’ लिहिलेल्या डब्यातही बहुतेक वेळा दोनच ड्रायव्हर असतात, बाकीचं सॉफ्टवेअर करतं. कन्सोल किंवा कॉम्प्युटरही ते करतोच.

रात्री स्पीकर नको म्हणतोय, कारण खालच्या मजल्यावर माणसं राहतात. आपल्या या पट्ट्यात दिवस-रात्र घड्याळावर चालत नाही, शिफ्टवर चालते. खालचा गडी नाईट करून सकाळी आठला आडवा होतो. तुझी सेकंड असते तेव्हा तू सकाळी दहाला गेम लावतोस. तुला ‘दिवसाच तर आहे’ वाटतं, त्याची ती मध्यरात्र. कायद्यानं विचारशील तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. पण ४० हर्ट्झचा दणका स्लॅबमधून खाली उतरतो तेव्हा तो डेसिबलच्या तक्त्यात बसो न बसो, त्याच्या छातीत बसतोच. तूही नाईट केली आहेस. तेव्हा वरचा पोरगा मिक्सर लावायचा तर तू काय काय बोलायचास, ते मी इथं लिहीत नाही. सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यातून काढ, पातळी खाली घे, रिसीव्हरमधला नाईट मोड लाव.

एवढं सगळं ऐकून तू पुन्हा विचारशील, ‘पण सर, घेऊ कुठला?’ ऐक. येत्या गुरुवारी सुट्टी आहे. लाईट गेली तर फार उत्तम, टेपला करंट लागत नाही. हॉल मोज. लांबी, रुंदी, उंची, खिडकी, दार, सोफा, टीव्ही. कागदावर काढ, स्केलला. मग जुना सेट नीट बसव, सेटिंग बदल, मायक्रोफोन फिरव, आणि दोन आठवडे ऐक. माझा अंदाज विचारशील तर तुला नवीन काही लागणारच नाही. लागलंच, तर पैसे पुढच्या तीन स्पीकरांवर घाल, मागच्यांवर कमी चालतील. आणि साठ हजारांत सगळं बसवायचा अट्टहास नको. पाच फालतू स्पीकरांपेक्षा दोन चांगले आणि एक सबवूफर कधीही बरा. पुढच्या बोनसला मधला घे, त्याच्या पुढच्याला मागचे. रिसीव्हरमध्ये जागा असते, ती कुठं पळून जात नाही. पण तुला एका दिवसात, एका खोक्यात, एका हप्त्याच्या कागदावर हवं असतं. नो-कॉस्ट हप्ता म्हटला की तुझी कॉस्ट बघायची सवयच सुटते.

आणि एक राहिलं. जुना रिसीव्हर मे महिन्यात पिक्चरच्या मधेच आपोआप बंद पडायचा, आणि त्यावरूनच तू शिक्का मारलास ना, बेकार म्हणून? तो टीव्ही युनिटच्या बंद खणात आहे. पुढे काचेचं दार, मागे फळी, वर सेटटॉप बॉक्स ठेवलेला. गरम होऊन तो स्वतःला वाचवायला बंद पडत होता, बिघडला नव्हता. कंट्रोल पॅनेलला पंखा नसला, फिल्टर तुंबला की तो ट्रिप होतो हे तू पहिल्या वर्षी शिकलास. आज तुझ्या लाइनवरच्या पॅनेलचे फिल्टर दर महिन्याला कोण साफ करून घेतं? तूच ना? मग सुताराला बोलाव, मागची फळी काप, वर चार बोटं जागा सोड, आणि तो सेटटॉप बॉक्स आजच्या आज खाली उतरव.